वरचा सूर कोण खातं?

तुमच्या दारात लग्नाचा बँड वाजतो, तेव्हा ती गाणी त्या माणसांनी शिकली कुठून, हा प्रश्न तुम्हाला आयुष्यात एकदा तरी पडलाय का? त्यांच्यापुढे कागद नसतो, नोटेशन नसतं, शिकवायला कुणी बसलेलं नसतं. परवा आलेलं गाणं आज वरातीत वाजतं ते कुणातरी एका माणसाच्या कानाच्या जिवावर. माझ्या माहितीतला असा कान माझ्या ताईच्या सासऱ्यांचा आहे, आणि मी शपथेवर सांगते, तापीपासून पांझरेपर्यंत इतका गुणी, इतका मानी आणि इतका हट्टी कान दुसरा झालेला नाही.

धुळ्यातलं सगळं देवपूर त्यांना आबा म्हणतं, म्हणून मीही आबाच म्हणते. ते क्लॅरिनेट वाजवतात आणि बँडचे मास्तर आहेत, म्हणजे वरातीत सगळ्यांच्या पुढे उभं राहून हाताच्या एका झटक्यात अख्खा ताफा सुरू आणि बंद करणारा माणूस. अंगाने काडी, आणि मिशी अशी की तिच्या भाराने माणूस पुढे वाकेल. माणसं ते चेहऱ्याने ओळखत नाहीत, पट्टीने ओळखतात, म्हणजे आवाज पेटीच्या कुठल्या काळी-पांढरीत लागतो त्यावरून. ताईला बघायला ही मंडळी धुळ्याहून जळगावला आमच्या घरी आली होती. मानपानाचा विषय निघाला आणि मी, कुणी विचारलेलं नसताना, उभी राहून त्यावर बोलले. आमच्या घरात हे चालतं. माझे वडील आयुष्यभर पत्रकं काढत आले, आणि मला कळायला लागल्यापासून मी त्यांच्या घड्या घालून बसस्टँडवर वाटत आले, त्यामुळे आमच्याकडे लहान मूल रडलं तरी मुद्देसूद रडतं. पण पाहुण्यांकडे हे चालत नसावं. आई चहाचा ट्रे हातात धरून दारातच थांबली. आबा डोळे मिटून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि मुलाला म्हणाले, "धाकली पोर पांढरी चारमा भांडस. शेवटलोंग पट्टी सोडी नही. घर चांगलं शे." लग्न ठरलं, मानपान रद्द झाला आणि मी त्यांची कायमची 'पत्रकवाली' झाले.

त्या घरात कुठलीही वस्तू आली की ती आधी आबांना ऐकवावी लागते. एका उन्हाळ्यात त्यांनी नवाकोरा पंखा परत नेला, कारण तो आणि फ्रीज मिळून बेसूर होत होते. दुकानदार म्हणाला, "आबा, वारा तर येतोय ना?" आबा म्हणाले, "वारा येस. झोप येस नही." दुकानदाराने एकामागून एक पंखे लावून दाखवले. आबांनी शेवटी जो घेतला त्याचं एक पातं वाकडं होतं, पण तो फ्रीजशी जमवून घेणारा होता. बोळातून जाणाऱ्या भाजीवालीला ते थांबवून सांगतात की आज तिची हाक उतरलेली आहे, घसा बघून घे. ती बिचारी त्यांना मेथीची जुडी जास्त देते, भीतीने.

आणि गाणं उतरवायची त्यांची रीत! उतरवायचं म्हणजे ऐकून ऐकून बोटांवर घ्यायचं. अवघड जागा सावकाश ऐकल्याशिवाय उतरत नाही, आणि त्यांच्या जुन्या टेपरेकॉर्डरला सावकाश चालायची सोय नव्हती. म्हणून आबांनी सेल पाळले होते. सेल मरायला लागले की टेप मंद होते. शेवेच्या एका डब्यात त्यांनी असे सेल प्रकृतीप्रमाणे वेगळे करून ठेवले होते: थकलेले, अंथरुणाला खिळलेले, आणि आचके देणारे. साधा मुखडा असला तर थकलेले. कठीण तान असली की आचके देणारे. टेप मंद झाली की गाणं खालच्या पट्टीत घसरायचं, ते आबा मनातल्या मनात पुन्हा वर उचलून घ्यायचे. ताई नवी नवरी असताना तिने घर आवरताना हा डबा कचऱ्यात ओतला. संध्याकाळी आबा जेवायला बसले आणि हलकेच म्हणाले, "सूनबाई, आमची शाळा टाकी दिन्ही तुम्ही." दुसऱ्या दिवशी ताई अख्ख्या बोळात घरोघर मेलेले सेल मागत फिरली. तेव्हापासून देवपुरात कुणाचं घड्याळ मागे पडायला लागलं की लोक सेल काढून आबांकडे आणून देतात.

पण आबांवर माझा खरा जीव बसला तो त्यांच्या एका नियमामुळे. त्यांच्या तरुणपणी ज्याच्या मालकीचा बँड, तो पुढे उभा राहायचा, मग त्याला सूर कळो न कळो. आबांच्या हातात बँड आला तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, जो गाणं उतरवील तो पुढे उभा राहील. वय नाही, नातं नाही, मालकी नाही. आमच्या पत्रकांमधून जे आम्ही इतकी वर्षं ओरडून सांगतोय ते या माणसाने चार शब्दांत आपल्या बँडला लागू केलं होतं. पुढे उभं राहायला तेव्हापासून फक्त तेच होते, कारण त्यांच्यासारखं गाणं दुसऱ्या कुणाला उतरवता येत नव्हतं. आणि हाच नियम गेल्या लग्नसराईत त्यांच्या अंगावर आला.

झालं असं. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, अंमळनेरला एक लग्न होतं. त्या वेळी एक नवीन गाणं सगळीकडे वाजत होतं. त्यात मुखड्यानंतर ढोल थांबतो आणि नुसती एक बारीक शीळ येते. पोरांनी त्या शिळेवर नाच बसवलेला होता. आबांच्या बँडने ते गाणं वाजवलं, ढोल थांबला आणि शिळेच्या जागी काहीच आलं नाही. पोरं हात वर करून, एक पाय उचलून तशीच उभी. वरातीत अशी शांतता म्हणजे जेवणात केस. तेवढ्यात मागच्या गाडीवर कीबोर्ड वाजवणाऱ्या राजूने, म्हणजे आबांच्या सख्ख्या पुतण्याने, ती शीळ आपल्या मनाने वाजवली. पोरांनी जल्लोष केला. आबांनी मागे वळून पाहिलं, तर राजूची बोटं कीबोर्डवर एकटीच चालत होती.

वरात संपल्यावर गाडीजवळच जुंपली. "जे गाणामा नही ते कसाले टाकं?" आबा म्हणाले. राजू म्हणाला, "शे आबा, शीळ शे तठे." "नही." "बठ्ठा लोक त्याच्यावर नाची ऱ्हायनात!" "लोके कशावर बी नाचतस." मग राजू, ज्याने आजवर आबांसमोर बिडीसुद्धा ओढली नव्हती, सगळ्यांदेखत म्हणाला, "मंग यावलनं गाणं मी उतरावस. नियम तुमनाच शे." यावलच्या एका केळीवाल्या बागायतदाराच्या घरची सुपारी बँडने घेतलेली होती, आणि तिथल्या नवऱ्यामुलाने याच गाण्याची फर्माईश केली होती. आबा बराच वेळ क्लॅरिनेट पुसत राहिले. "यावलले दखू," एवढंच म्हणाले. म्हणजे यावलच्या लग्नाच्या आत आबांनी ते गाणं पुरं उतरवलं नाही, तर ते मागच्या रांगेत आणि राजू पुढे. ताईने मला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती कुजबुजत होती. "ते मागे उभे राहिले ना, तर पुन्हा क्लॅरिनेटला हात लावायचे नाहीत गं."

आबांचं निदान पक्कं होतं. टेपरेकॉर्डर मेला होता, कॅसेटी येत नव्हत्या, गाणी मोबाइलवर ऐकावी लागत होती, आणि मोबाइल वरचा सूर खातो. "आपल्याले कंप्युटर पायजे. त्यामा गाणं सावकाश व्हस आणि सूर खाली येस नही, असं म्हणतस. पत्रकवालीले बलाव." मग मी लॅपटॉप घेऊन धुळ्याची बस धरली.

गाणं ऐकून शिकणाऱ्यांसाठी कंप्युटरवर किती प्रकारची साधनं आहेत, याची मला कल्पना नव्हती. मी जळगावला बसून यादी काढली, चांगलंवाईट वाचलं, आणि एक तत्त्व आधीच जाहीर केलं: चोरलेलं सॉफ्टवेअर घरात येणार नाही. पोहोचते तर राजू दारात पेन ड्राइव्ह घेऊन उभा. त्याच्यावर एक महागडं सॉफ्टवेअर होतं, कुलूप तोडून आणलेलं. मी म्हटलं, "उद्या तुमचा बँड कुणी फुकट वाजवून नेला तर?" राजू म्हणाला, "ताई, दरवर्षी नेतात. वर्गणीचं लग्न आहे, पैसे नाहीत म्हणतात." मी त्याला श्रम आणि मालकी यांतला फरक सांगायला लागले. आबा दोघांकडे आळीपाळीने बघत होते. "तुना तत्त्वले सूर लागस का, वं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लागतो. जगभरातल्या माणसांनी फुकट वाटण्यासाठी प्रामाणिकपणे तयार केलेलीही साधनं आहेत, आपण त्यातलंच घेऊ. "मंग लाव," आबा म्हणाले, आणि पुढच्या खोलीत शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबासारखे मांडी घालून बसले.

पहिलं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं होतं, पण काही दिवस वापरून बघू देणारं. गाणं सुरेख मंद व्हायचं आणि बरोबर अंतऱ्याच्या मध्यावर बंद पडून पैशांची आठवण करायचं. आबा उठून उभे राहिले. त्यांच्या मते गाणं अर्ध्यात तोडणारा माणूस वसुलीवाला असू शकतो, वादकाच्या घरात त्याचं काम नाही. दुसरं फुकट होतं, पण मंद केलं की गाणारी विहिरीत पडल्यासारखी वाटायची. आबांना तिची काळजी वाटू लागली. तिसरं फारच शहाणं निघालं. ते गाणं ऐकून सूर स्वतःच पडद्यावर लिहून दाखवायचं. आबांनी नाकावरचा चष्मा वर केला. "हाई माले गाणं सांगस? मंग मी काय करू, पंगत वाढू?" शिवाय त्याने ढोलकीच्या थापेलाही एक सूर ठरवून दिला होता, त्यावर आबा इतके हसले की अक्का, म्हणजे ताईच्या सासूबाई, बाहेर येऊन बघून गेल्या. चौथ्याने तर कमाल केली. ते गाण्यातून वाद्यं वेगळी काढून नुसता गळा ऐकवायचं. गाणाऱ्या बाईचा एकटा, उघडा आवाज खोलीत आला, तिचा श्वास, ओठ मिटल्याचा आवाज. आबांनी घाईघाईने हात केला. "बंद कर, बंद कर. परकी बाई शे." आणि दाराकडे बघून खात्री करून घेतली की अक्का स्वयंपाकघरातच आहेत.

हसण्यासारखं सगळं होतं, पण प्रत्येक साधन बंद करताना आबा शेवटी एकच वाक्य म्हणायचे आणि त्यानंतर कुणी हसायचं नाही. "हाई बी वरना सूर खास." त्यांचा हिशोब असा: ढोल थांबतो, तिथे जागा रिकामी आहे. काहीतरी असणार, लोक नाचतात म्हणजे असणार. पण हे यंत्र ते खातं. लग्न चार दिवसांवर आलं. ताई पोळ्या करपवायला लागली. राजू रोज संध्याकाळी येऊन दारातून विचारायचा, "उतरलं का, आबा?" आणि उत्तराची वाट न बघता जायचा. त्याच्या आवाजात चढेलपणा नव्हता, आणि तेच आबांना जास्त लागत होतं.

तुम्ही म्हणाल, बाई, तुला ती शीळ ऐकू येत नव्हती का? येत होती. स्वच्छ येत होती. ताईलाही येत होती. पण त्या घरात इतकी वर्षं एकच कान खरा मानलेला. आबा म्हणतात सूर नाही, म्हणजे आपल्याला येतेय ती शीळ खरी नसणार. खरा सूर हिच्याही वर कुठेतरी असेल, फक्त आबांसारख्यालाच कळेल असा, आणि तोच ही यंत्रं खात असतील. बँडमधले बाकीचेही असंच बोलत होते. ट्रम्पेट वाजवणारे नाना मला गंभीरपणे म्हणाले, "आबा म्हणतस म्हणजे शे ते. आपला कान कितला!" मी तर एका पत्रकाचा मथळाही करून ठेवला होता: 'श्रमिक वादकांचा वरचा सूर कोणी चोरला?'

पाचवं सॉफ्टवेअर दिसायला तहसील कचेरीसारखं होतं. करडा पडदा, बारीक बारीक खटके, कुठे काय आहे ते कळेना. पण फुकट, मोकळं आणि कष्टाळू. गाण्याचा हवा तेवढा तुकडा धरून ठेवायचं, पुन्हा पुन्हा वाजवायचं, पाहिजे तितकं मंद करायचं, आणि पट्टी हवी तशी वर-खाली करायचं. दुपारची वेळ होती. शिळेचा तुकडा धरून मी तो फिरवत ठेवला होता. आबा क्लॅरिनेट मांडीवर घेऊन भिंतीला टेकलेले, डोळे मिटलेले. अक्कांनी चहा आणला आणि कप ठेवायला जागा करताना लॅपटॉप जरा सरकवला. त्यांच्या बांगडीचा धक्का कुठल्यातरी खटक्याला लागला आणि गाणं धाडकन खाली गेलं, पार रेड्याच्या आवाजात. मी ते बंद करायला हात पुढे केला आणि थांबले.

आबांची बोटं हलत होती.

क्लॅरिनेट तोंडाला नव्हतं, मांडीवरच होतं, आणि त्याच्या चाव्यांवर त्यांची बोटं शिळेचा एकेक सूर बरोबर दाबत होती. त्यांनी डोळे उघडले. "हाई कोठून उनं?" मी म्हटलं, "आबा, हीच ती शीळ. चुकून खाली आली." ते सरळ बसले. "वर ने." मी पट्टी एक घर वर नेली. बोटं चालली. अजून एक. चालली. अजून एक. मग एका घरावर बोटं थांबली. शीळ वाजत होती, मला ऐकू येत होती, अक्कांना ऐकू येत होती, आणि आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. "लाव ना," ते म्हणाले. मी म्हटलं, "लावलंय, आबा."

"खाली कर." बोटं चालली. "वर." थांबली. किती वेळा त्यांनी हे करायला लावलं ते मी सांगू शकत नाही. शेवटी त्यांनी हात वर केला, वरातीत बँड थांबवतात तसा, आणि मी गाणं बंद केलं. अक्का चहाच्या कपाकडे बघत म्हणाल्या, "कुकरनी शिट्टी बी आयकू येस नही तुम्हले. माले कव्हयनं माहीत शे." आबांनी विचारलं, "मंग सांगं का नही?" अक्का म्हणाल्या, "कोणले सांगू? तुम्ही आयकतस का?"

यंत्रं कुणाचाच सूर खात नव्हती. आयुष्यभर मागे ट्रम्पेट, बाजूला ढोल आणि अलीकडे डोक्यावर गाडीचे भोंगे घेऊन उभा राहिलेला तो कान वरून झिजत आला होता, आणि झिजलेलं कळायला लागतो तोही कानच.

त्या संध्याकाळी राजू दारात आला नाही, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे. कारण आबांनी तोपर्यंत ते गाणं पुरं उतरवलं होतं, शिळेसकट. खालच्या पट्टीत ऐकून मनात वर उचलायचं, हे तर त्यांनी आचके देणाऱ्या सेलांवर उभं आयुष्य केलेलं काम. क्लॅरिनेटवर ती शीळ इतकी गोड आली की बोळातली माणसं दारात आली. अक्का म्हणाल्या, यावल होऊन जाऊ द्या, मग बघू. ताई म्हणाली, कुणाला कळणार आहे? आणि मी, जिने चौकाचौकात खरं बोलायचे कागद वाटले, मीही मनात म्हटलं, गप्प राहा आबा. पुढेच उभे राहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांझरेच्या काठी तालीम होती. आबांनी मला लॅपटॉप आणि छोटा स्पीकर घेऊन यायला सांगितलं आणि सगळ्यांना अर्धगोलात बसवलं. "डोळा मिटा. ढोल थांबना की ध्यान द्या. शीळ उनी की हात वर करा." नाना म्हणाले, "आबा, शाळा भरावी का?" आबा म्हणाले, "नाना, तुना हात तर शाळामा बी कधी वर व्हयना नही." सगळे खो खो हसले. मग डोळे मिटले. मी गाणं लावलं. ढोल थांबला. शीळ आली, मूळ पट्टीत.

राजूचा हात वर गेला. नव्या दोन पोरांचे गेले. बाकी कुणाचा नाही. नाना मान वाकडी करून वाट बघत होते. ताशावाला वाट बघत होता. ट्रम्पेटची जुनी रांग अशी मन लावून बसली होती की मला बघवेना. "आते डोळा उघडा. हात तसाच ठेवा," आबा म्हणाले. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "कसानी शीळ?" आणि या खेपेला कुणी हसलं नाही.

राजूने हात हळूहळू खाली घेतला. आत्तापर्यंत त्याला वाटत होतं म्हातारा हट्टाला पेटलाय. "आबा, हाई कव्हयनं शे?" त्याने विचारलं. "जे आयकू येस नही, ते कव्हय गयं कसं समजस?" आबा म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं, खटका, पट्टी, थांबलेली बोटं, काही लपवलं नाही. "गाणं मी उतरावं, पन खाली आनीसन. वरलं राजूनं आयकं. नियम नियम शे. राजू, तू पुढे." राजू उठला. त्याने आबांचं क्लॅरिनेट उचलून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "नियम गाणं उतरावाना शे. कोणती पट्टीमा, हाई त्यामा नही." नाना मोठ्याने म्हणाले, "बरोबर शे!" त्यांना ऐकू आलं होतं की नाही, मला शंका आहे.

यावलला मीही गेले. ठरलं होतं ते असं: ढोल थांबला की आबा हाताने सगळ्यांना शांत करणार, राजू गाडीवरून एकटा शीळ वाजवणार, आणि ती संपली की मान हलवणार. ती मान बघून आबा हात खाली टाकणार आणि बँड पुन्हा उठणार. गाणं आलं. ढोल थांबला. आबांनी पंजा वर केला आणि त्या गर्दीत केळीच्या पानावरून वारा गेलेला ऐकू यावा अशी शांतता झाली. शीळ सुरू झाली. नेमका त्याच वेळी फेटा बांधलेला एक पाहुणा मध्ये घुसला आणि आबांच्या तोंडासमोर ओरडला, "ओ मास्तर, जोरात! आवाजच नाही!" तो नेमका आबा आणि राजू यांच्या मध्ये उभा होता. राजू दिसेना. आबांसाठी तिथे शीळ नव्हती, मान नव्हती, काहीच नव्हतं. वर धरलेला हात खाली टाकायचा कधी? लवकर टाकला तर शीळ तुटणार, उशिरा टाकला तर अंमळनेर होणार. आबांनी नजर खाली घेतली, नाचणाऱ्या पोरांच्या पायांवर. एक पाय उचललेला, दुसरा टेकतोय, टेकला. हात खाली आला. बँड असा उठला की फेटेवाला दचकून बाजूला झाला.

वरात संपल्यावर ते माझ्याजवळ आले. घामाने डबडबलेले, क्लॅरिनेट काखेत. "बरोबर उना का?" "बरोबर आला, आबा." मग त्यांनी विचारलं, "कशी व्हती?" मी कुठल्याही विषयावर दोन पानं लिहू शकते. पण ती शीळ कशी होती हे ज्याच्या कानाने मी सूर ओळखायला शिकले त्याला मला सांगता येईना. मी म्हटलं, "बारीक होती." त्यांनी मान हलवली, जणू एखाद्या ओळखीच्या माणसाची खुशाली कळावी तशी.

नंतर धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात सगळ्यांचे कान तपासले. गेलेलं परत येत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उरलेलं सांभाळा. आता आबांच्या बँडमध्ये कानात बोळे घालून वाजवतात. नाना घालत नाहीत, त्यांना वाटतं त्याने मिशी वाकडी दिसते. त्यांच्याशी भांडण चालू आहे.

आणि तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. लग्नसराई तोंडावर आली आहे. तुमच्या दारात बँड येईल तेव्हा 'जोरात' असं ओरडू नका, ओरडणाऱ्याला हाताला धरून बाजूला न्या. दोन गाण्यांच्या मध्ये वादकांना भोंग्यांपासून लांब, सावलीत बसू द्या. मग त्यांच्यातला जो सगळ्यात म्हातारा असेल त्याला सांगा की कान तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात तपासतात. पण मागून हाक मारून सांगू नका. समोर जा, त्याला तुमचा चेहरा नीट दिसेल असे उभे राहा, आणि मग सांगा.